वेगळा अर्ज

मला कुणी कायदा शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

मुरबाडला तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. कॉम्प्युटर, प्रिंटर, शाईचा पॅड, आणि समोर दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. मी लोकांचे अर्ज लिहून देतो. वारसनोंद, हरकत, मोजणी, रेशनकार्डातलं नाव. धसईच्या बाजारात भाजी विकून रिकाम्या पाट्या घेऊन बायका तशाच माझ्याकडे येतात, "भाऊ, एक कागद लिवा" म्हणतात. मी लिहितो, आणि उठताना प्रत्येकाला एकच सांगतो: अर्ज दिला की पोच घ्या. आपल्या प्रतीवर कचेरीचा शिक्का, सही आणि तारीख. ती मिळाली की निवांत घरी जा, काय होत नाय.

हे मी उगाच सांगत नव्हतो. आमच्याकडे जमिनीच्या नोंदीवर कुणी हरकतीचा अर्ज दिला की ती नोंद पुढं सरकत नाही. निकाल लागेपर्यंत सगळं जिथल्या तिथं राहतं. एका साध्या कागदावर वर्षानुवर्षं अडकलेल्या नोंदी मी पाहिल्यात, काही तर मीच अडकवल्यात. त्यामुळं वर कागद गेला की खालचं थांबतं, हे माझ्या हाडात मुरलं होतं.

आईची केस वाटेची. घरामागच्या बांधावरून आमच्या खालच्या तुकड्यात जायची वाट होती. भात निघालं की आई तिथं वाल लावते. भावकीतल्या एकानं एक दिवस बांधावर तार ओढली. गावात चार वेळा बसून बोलणं झालं, मिटलं नाही. आई म्हणाली, कोर्टात जाऊ. मी म्हटलं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तर म्हणते, "मी कुठं शहाणी? मला वाट पायजे." तुकडा तिच्या नावावर, म्हणून दावाही तिच्याच नावानं. तारखांवर तारखा झाल्या आणि खालच्या कोर्टानं दावा खर्चासह फेटाळला. खर्चासह म्हणजे वाट तर नाहीच, वर समोरच्याचा कोर्टखर्चही आईनं भरून द्यायचा.

रक्कम काही डोंगराएवढी नव्हती. पण आई हटून बसली. "पैसे दिले म्हंजे मी खोटी होते असं झालं. वरच्या कोर्टानं तसं सांगू दे, मग देते." मग आम्ही कल्याणला अपील केलं.

तिथल्या वकीलबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या. अपिलाचे कागद लावता लावता त्यांनी विचारलं, "काका, स्थगितीचा अर्जही सोबत करायचा ना?"

"कशाला? अपील आहे ना."

"तसं नसतं काका, तो अर्ज वेगळा..."

मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "बाई, अर्ज लिहिण्यात केस पिकले माझे. एकदा प्रकरण वर गेलं की खाली कोण हात लावत नाय."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. "बरं. पण मी विचारलं होतं, एवढं लक्षात ठेवा," म्हणाल्या, आणि फाइलची नाडी बांधली. त्या वेळी मला वाटलं, चला, पोरीला दोन गोष्टी कळल्या. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

घरी येऊन मी अपिलाच्या नंबराची पावती आईला दिली. "ही बघ पोच. आता काय होत नाय." तिनं ती दोनदा उलटून पाहिली आणि पत्र्याच्या पेटीत ठेवून दिली.

दिवाळी झाली, भात झोडून झालं. एका सोमवारी दुपारी मी कुणाची तरी वारसनोंद टाइप करत होतो, तेव्हा आईचा फोन आला. आई कामाच्या वेळी कधी फोन करत नाही, त्यासाठी तिला टेकाड चढावं लागतं.

"अरे, कोर्टाचा मानूस आलता."

ती तेव्हा लांबच्या वळशानं वालात गेली होती. घराला कुलूप होतं. अंगणात तिची मैत्रीण भात राखत बसली होती. ही ओढ्यापलीकडच्या वाडीतली बाई. हिला स्वतःची गुंठाभर जमीन नाही, पण चाळीस वर्षं आईच्या बरोबरीनं चिखलात उभी राहून तिनं आमची लावणी केलीये. तिला त्या बेलिफानं सांगितलं होतं, "जप्तीचं वॉरंट आहे. शुक्रवारी परत येतो, घरात राहायला सांगा."

"कसली जप्ती रे?" आईनं विचारलं. "तू तर बोल्लास, काय होत नाय."

पुढ्यात बसलेला माणूस म्हणाला, भाऊ, काय झालं? मी त्याच्यावरच खेकसलो. त्याच्या कागदात त्याच्या बापाचं नाव दोनदा पडलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता आईचं आणि जप्तीचं काय आहे ते सांगतो. तिचं माहेर शहापूर तालुक्यात, शेणव्याकडं. तिचा बाप कुणा सोयऱ्याला जामीन राहिला आणि सोयरा परागंदा झाला. वसुलीवाले बापाच्या दारात आले. आई तेव्हा सात-आठ वर्षांची. परातीपासून समईपर्यंत सगळं अंगणात मांडलं, गाव बघायला जमलं, आणि एक माणूस मोठ्यानं एकेक भांड्याचं नाव घेत लिहीत होता. त्यातून एक तांब्याचा हंडा तेवढा वाचला, कारण आजीनं तो आदल्या दिवशी शेजारच्या घरात पेंढ्याखाली घातला होता. पुढं आईच्या लग्नात तोच हंडा तिला दिला. आमच्या घरात त्या हंड्यात कधी पाणी तापवलं नाही. दिवाळीला चिंच लावून घासायचा आणि परत मांडणीवर ठेवायचा.

त्या सोमवारी मी घरी गेलो तर मांडणी रिकामी. हंडा नाही, पितळी डबे नाहीत, परात नाही. तवासुद्धा नाही.

"तवा कुठं गेला?"

"तिकडं दिला."

"अगं, तवा कोण नेतं का?"

"नेत्यात. तुला काय म्हाईत?" ती चुलीपाशी पाठ करून बसली होती. वाडीत मैत्रिणीच्या घरी, लाकडाच्या मोळ्यांमागं, आमचं अर्धं घर जाऊन बसलं होतं. भाकरी मैत्रिणीकडनंच भाजून आली होती. ती खाऊन मी उठलो. चूक कुठं झाली, हे मला तेव्हाही उमगलं नव्हतं. मला राग येत होता तो कोर्टाचा, की अपील असताना असे येतातच कसे!

मंगळवारी सकाळी मी माझ्याच टेबलावर बसून फक्कड अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, अपिलाचा नंबर, 'सबब विनंती की जप्तीची कारवाई थांबवावी', सगळं ठाकठीक. दोन प्रती काढल्या आणि मुरबाडच्या कोर्टात गेलो. आतल्या म्हाताऱ्या कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला.

"तुमी वकील?"

"नाय."

"पक्षकार?"

"पक्षकाराचा मुलगा."

"असा कागद इथं घेत नाहीत. तुमचं अपील कल्याणला आहे, म्हणजे स्थगितीही तिथंच मागायची. तिथला हुकूम आणा, आम्ही लगेच थांबू."

झालं! माझं डोकं सटकलं. "अहो, अपील दाखल आहे, नंबर पडलाय, अजून काय पाहिजे? घेत नाय तर नका घेऊ, पोच तरी द्या!"

बाकावरचे लोक वळून बघायला लागले. त्यातले दोघं माझेच गिऱ्हाईक. कारकून मात्र चिडला नाही. "पोच घेऊन काय करणार भाऊ?" तो म्हणाला. "बेलीफ पोच बघत नाही, हुकूम बघतो. अपिलात स्थगितीचा अर्ज केलाय का तुम्ही?"

वकीलबाईंचं ते अर्धवट तोडलेलं वाक्य तेव्हा मला आठवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी स्वतःच निघालो. बाहेर येऊन व्हरांड्यातच त्यांना फोन लावला. त्या "मी म्हटलं होतं" म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या आईंना घेऊन या. आज मंगळवार आहे, जमेल बहुतेक." ते 'बहुतेक' मला बुधवारपर्यंत पुरलं.

आईला घेऊन मी सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. धसई सोडलं, मुरबाड मागं पडलं. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत ती पावती. कल्याणच्या पुलाजवळ आल्यावर एकदाच म्हणाली, "तिथं मला खोटं बोलाया नको लावू."

वकीलबाईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझ्यापेक्षा सोप्या भाषेत सगळं समजावून सांगितलं. अपील म्हणजे खालचा निकाल चुकला असं म्हणणं. पण त्या निकालाचा अंमल आपोआप थांबत नाही. तो थांबवा म्हणून वेगळा अर्ज करायचा, सोबत शपथेवर प्रतिज्ञापत्र द्यायचं. न थांबवल्यास आपलं काय नुकसान होईल ते त्यात लिहायचं, आणि आपण हरलोच तर समोरच्याचे पैसे बुडणार नाहीत, हे कोर्टाला पटवायचं.

"आणि उशीर का केला, हेही लिहावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघायचं टाळलं. "जज साहेब हेच आधी विचारतील. अपिलासोबतच का नाही मागितलं?"

त्यांनी लिहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'अपील दाखल केल्याने आपोआप स्थगिती मिळते, असे माझ्या मुलाने चुकीच्या समजुतीने मला सांगितले व मी त्याच्यावर विश्वास ठेवला.' त्यांनी ते आईला वाचून दाखवलं.

आईनं चहाचा कप खाली ठेवला. मग वकीलबाईंकडं वाकून, मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण मला ऐकू जाईलच एवढ्या आवाजात म्हणाली, "हे लिवायलाच पायजे का गो? तो तिथं कचेरीसमोर बसतो. लोकं त्याच्याकडनं कागद लिवून घेत्यात. माझ्या नावावर लिव की. म्हातारीला समजलं नाय म्हनून."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. "लिहा बाई," मी म्हणालो. "आहे तसंच लिहा." आईनं माझ्याकडं बघितलं नाही.

मग घरातल्या वस्तूंचं आलं. वकीलबाई म्हणाल्या, रोजच्या स्वयंपाकाची भांडी सहसा नेत नाहीत, भिऊ नका. पण किमती तांबं-पितळ, टीव्ही, कपाट, जे आहे ते लिहू. कोर्टाला दिसू दे, आपण लपवाछपवी करत नाही.

'लपवाछपवी' म्हटल्यावर मी आईकडं पाहिलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. वकीलबाईंना मोळ्यांमागचं काही ठाऊक नव्हतं. आई 'हंडा नाही' म्हणाली असती तरी जगात कुणाला कळलं नसतं.

"लिवा," ती म्हणाली. "तांब्याचा हंडा एक. शेनव्याचा."

"शेणव्याचा नको लिहायला आजी, नुसता हंडा चालेल."

"मग लोकांना कसं समजल कुठला ते?"

वकीलबाईंनी शेणव्याचा असं लिहिलं. आईनं शपथ घेतली आणि सही केली. तिला सही येते आणि आकडे वाचता येतात, बाकी अक्षरांशी तिची फारशी ओळख नाही.

गुरुवारी सुनावणी. मी मागच्या बाकावर, आई शेजारी. आमचा पुकारा होईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली, ती संपली, आणखी तीन प्रकरणं झाली. उद्या शुक्रवार, एवढंच डोक्यात चालू. शेवटी पुकारा झाला आणि साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, आधी का नाही मागितलं? वकीलबाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. भरल्या कोर्टात, 'माझ्या मुलाने चुकीच्या समजुतीने'. आईनं तेव्हा बाकावर ठेवलेला माझा हात धरला. मी पन्नाशीला आलोय आणि माझा हात धरून ती बसली होती, बालवाडीच्या पहिल्या दिवशी धरावा तसा.

हुकूम झाला. वाद असलेली खर्चाची रक्कम याच कोर्टात जमा करायची, आणि ती जमा केल्यावर पुढील आदेशापर्यंत वसुलीला स्थगिती.

बाहेर आल्यावर मला धास्ती, की आई आता भरणार नाही म्हणते की काय. तिनं विचारलं, "म्हंजे त्याला नाय ना जात? कोर्टाकडं ऱ्हातील?"

"कोर्टाकडं."

"जामीन नाय ना कोन लागत?"

"नाय."

"मग भर. मगाशी का नाय सांगितलंस?"

रक्कम भरेपर्यंत वेळ टळली. हुकमाची शिक्क्याची नक्कल दुसऱ्या दिवशी मिळणार होती. आईला मी गावच्या एसटीत बसवलं. "मी कागद घेऊन येतो. तो माणूस आधी आलाच तर त्याला सांग, स्थगिती मिळालीये."

"तोंडी सांगू?" ती खिडकीतून म्हणाली. तेवढ्यात बस सुटली.

शुक्रवारी दहाच्या आधीपासून मी नक्कल खिडकीवर. अकरा वाजले, साडेअकरा झाले. आईला फोन लावतोय, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. आमच्या गावात टेकाडावर गेल्याशिवाय रेंज नाही, हे मला जन्मापासून माहीत, तरी दर पाच मिनिटांनी लावतोय. बारा वाजून गेल्यावर कागद हातात पडला. एसटीत उभ्यानं मुरबाड. कोर्टात तोच कारकून. त्यानं नक्कल वाचली, शिक्का निरखला, आत जाऊन आला आणि बेलिफाच्या नावानं चिठ्ठी तयार केली.

"बेलीफ गेलाय हो गावात, तास झाला," तो म्हणाला. मग माझ्या प्रतीवर शिक्का मारून ती पुढं केली. "ही घ्या पोच. आता कामाची आहे."

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. मी कागद शर्टाच्या आत घातला आणि ओळखीच्या एकाची मोटारसायकल मागून काढली. रस्त्यात काय काय लागलं ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांसमोर फक्त शेणव्याचं अंगण होतं, जे मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही.

घरी पोचलो तर आमच्या अंगणात भांडी मांडलेली. डबे, परात, समई, आणि सगळ्यांच्या पुढं हंडा. घासलेला, लख्ख. बेलीफ खुर्चीवर बसून मांडीवरच्या कागदावर लिहीत होता. ओट्यावर आई, तिच्या शेजारी वाडीतली मैत्रीण. कुंपणापलीकडं चार-सहा जण उभे, त्यात तार ओढणाराही होता.

"थांबा!" मी गाडीवरूनच ओरडलो.

बेलिफानं कागद घेतला, चिठ्ठी वाचली, घड्याळ बघितलं. "बरं झालं आलात. एकच ओळ लिहून झाली होती," असं म्हणून त्यानं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं की स्थगितीच्या हुकमामुळे जप्ती न करता परत. आईची सही घेतली, पाणी प्यायला आणि गेला. खोडलेल्या ओळीत हंडाच होता, मी वाचलं.

माझा सगळा ताण आईवर निघाला. "तूच काढून मांडलंस हे? वाडीत होतं ना सगळं? मी येईपर्यंत दम नाय धरवला तुला?"

"आरडू नको," ती म्हणाली. "शपथेवर लिवून दिलंय ना घरात हाये म्हनून? मग घरात नको?"

"सकाळपासनं आमी दोघीनी दोन खेपा केल्या," मैत्रीण म्हणाली. "हंडा हिनं मला उचलू नाय दिला."

आईनं मला तो हुकूम वाचायला लावला. सगळा, पहिल्या ओळीपासून. 'पुढील आदेशापर्यंत' आलं तेव्हा तिनं मला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. मग शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, आता झालं ना समाधान? ती उठली आणि भांडी आत नेऊ लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडणी भरलेली होती. फक्त हंडा नव्हता.

"परत नेलास?"

"नेला."

"अगं, स्थगिती मिळाली! शिक्का बघितलास ना?"

"बघितला की. थांबलंय, मिटलं नाय. तूच वाचलंस ना, पुढला आदेश येईस्तोवर? मग हंडा बी तवर तिकडंच ऱ्हाऊ दे. तो मानूस परत यायचा झाला, तर त्याच्या आदल्या दिवशी आनीन मी घरात. खोटं नाय करायची."

माझ्या ओठांवर आलं होतं, काय होत नाय. ते मी गिळलं.

अपील अजून चालू आहे. माझ्या टेबलावर लोक येतात, मी अर्ज लिहितो, पोच घ्या म्हणतो, आणि कोर्टाचं काही असलं की आधी वकिलाला विचारा म्हणून हात जोडतो. दर सोमवारी आई चिंचेचा गोळा घेऊन वाडीत जाते, हंडा घासते आणि येते. निघताना मला विचारते, पुढची तारीख कंची? मी सांगतो. पूर्वी मी सांगितलं की तिला पुरायचं. आता ती हात पुढं करते आणि म्हणते, "कागद दाखव." मी दाखवतो. ती तारखेच्या आकड्यांवर बोट ठेवते, एकेक आकडा ओठांत म्हणते, आणि मग जाते.